मुख्य आवाज : डेल्फीन

नोहाने सोफा भिंतीपासून पुढे ओढला आणि वायर हातात धरून तो गुडघ्यांवर बसला, तेव्हा अर्लीन स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "तो प्लग चालत नाही."

नोहा तसाच थांबला. पस्तिशीचा, दाढीवाला, सकाळी शिकागोहून गाडी हाकत टोलीडोला आलेला पोरगा. कोणी सांगितलं नसताना त्याने दारातच बूट काढले होते, त्यामुळे अर्लीनला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

"चालतो की," खिडकीजवळच्या खुर्चीतून वेंडेल म्हणाला. "मघाशी मी तिथेच फोन लावला होता."

"मग आत्ता गेला असेल."

नोहाने वायर लावली. स्पीकरवरचा हिरवा दिवा लागला. वेंडेलच्या म्हाताऱ्या भुवया बहिणीला जे बोलायचं ते बोलल्या. अर्लीन आत वळली आणि ओट्यावरून फडका फिरवू लागली. ओटा स्वच्छ होता. सकाळपासून तिने तो इतक्यांदा पुसला होता की आता त्यावर पुसायला काहीच उरलं नव्हतं.

नोहाची कंपनी म्हणजे तो आणि त्याचे दोन मित्र. कोणे एके काळी निघालेल्या आणि कोणीच न घेतलेल्या, काळ्या गायकांच्या सोल गाण्यांच्या रेकॉर्डी शोधायच्या, साफसूफ करायच्या आणि पुन्हा बाजारात आणायच्या, हा त्यांचा उद्योग. अर्लीन, वेंडेल आणि डेल्फीन ह्या पेटीवे भावंडांनी आयुष्यात एकच रेकॉर्ड केली होती, चौऱ्याहत्तर साली. थोड्याशा प्रती चर्चच्या दारात विकल्या गेल्या, काही नातेवाइकांच्या गळ्यात मारल्या आणि उरलेली खोकी तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेली. पण इंग्लंडात आणि जपानात म्हणे लोक त्या रेकॉर्डीसाठी वेडे झाले होते. विशेषतः त्यातल्या एका गाण्यासाठी. 'वेट फॉर मी, टोलीडो'. कव्हरवर त्या गाण्यापुढे छापलं होतं, मुख्य आवाज : डेल्फीन पेटीवे.

तो आवाज अर्लीनचा होता.

ही गोष्ट आता जगात दोघांनाच माहीत होती. एक ती स्वतः आणि दुसरा तो खुर्चीतला वेंडेल, ज्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने सोयीचं तेवढंच येत होतं.

बाप त्यांचा काचकारखान्यात कामाला होता आणि चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा सेवक होता. घरातही त्याला सगळे डीकनच म्हणत, आईसुद्धा. पोरांनी एकत्र गावं, एका गळ्यातून आल्यासारखं गावं, हा त्याचा ध्यास. शनिवारी संध्याकाळी तो तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा आणि एकाचं गाणं दुसऱ्याला गायला लावायचा. अर्लीनने डेल्फीनसारखं गायचं, डेल्फीनने अर्लीनसारखं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि कोण गातंय ते ओळखायचा. ओळखू आली तिने रात्रीची भांडी घासायची. उद्या एकाचा घसा बसला तर गाणं अडायला नको, असं त्याचं म्हणणं. भांडी बहुतेक वेळा डेल्फीनच्या वाट्याला यायची. तिला दुसरं कोणी होताच यायचं नाही. अर्लीन मात्र बापाला एकदाही सापडली नव्हती, आणि त्याचा तिला तेव्हा केवढा अभिमान होता.

मग तो मार्च आला. स्टुडिओ ठरला होता, कव्हरं आधीच छापून घरी आली होती, कारण छापखानेवाला चर्चमधलाच होता आणि त्याला ते काम लवकर हातावेगळं करायचं होतं. आणि रेकॉर्डिंगला दोन दिवस असताना घरात कळलं की एकोणीस वर्षांच्या डेल्फीनला दिवस गेले आहेत. नवरा नाही, साखरपुडा नाही, काही नाही. डीकनने आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला की डेल्फीन स्टुडिओत येणार नाही. तिने क्लीव्हलँडच्या संस्थेत जावं, मूल तिथेच सोडावं आणि मग परत यावं.

पुढे आईने त्याची समजूत घातली, असं घरात सगळे धरून चालले होते. डेल्फीन क्लीव्हलँडला गेली नाही. तिची मुलगी रोशेल ह्याच घरात आली, ह्याच घरात राहिली. आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा डेल्फीन बर्फावरून गाडी घसरून गेली.

"अर्ली." वेंडेल काठी टेकत स्वयंपाकघरात आला होता. त्याने आवाज खाली आणला, म्हणजे त्याच्या मते खाली. "त्या स्पीकरने सांगायच्या आधी तू सांग."

"हळू बोल. आणि तूच का सांगत नाहीस?"

"मी? मी बेस. खर्जात गाणारा मागे उभा असतो."

"जन्मभर मागेच उभा राहिलास."

"म्हणून तर सगळं दिसलं," वेंडेल म्हणाला आणि त्याने झाकणाखालचा केकचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "तो पोरगा फोनवर काय म्हणाला ते ऐकलंस ना? टेपवर प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे. गाण्याच्या आधीचं बोलणंसुद्धा आहे. डीकनचं बोलणंसुद्धा."

ऐकलं होतं. त्या फोनपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. झोपेतून उठून ती घरभर फिरायची, बंद दारं पुन्हा लावून बघायची. स्टुडिओवाला वारला तेव्हा सगळ्या टेपा फेकून दिल्या असतील असं ती धरून चालली होती, आणि त्या मेल्या टेपा त्याच्या मुलीला गॅरेजमध्ये सापडल्या, नीट कोरड्या.

डीकन काय बोलला होता ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तो काचेपलीकडच्या खोलीतून उठून आत आला होता, तिच्या खांद्याशी उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "अर्लीन नको. डेल्फीन हो." मग तो बाहेर गेला. तिने माईकपाशी काहीतरी विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नव्हतं, काचेतून नुसता हात हलवला होता. आणि उत्तर मिळालं नसताना ती गायली. बहीण वरच्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडलेली, आणि ही तिच्या जागी उभी राहून तिच्याच आवाजात गायली. बापाच्या धाकाने. पन्नास वर्षं तिला लाज वाटत आली ती ह्याची.

बाहेर गाडीचं दार आपटलं.

"आली," वेंडेल म्हणाला आणि केक घशाखाली ढकलत लगबगीने आपल्या खुर्चीकडे गेला.

रोशेल आत आली ती मार्चची थंडी आणि तळलेल्या माशांचा वास घेऊनच. पन्नाशीची, उंच, खांद्याने रुंद बाई. शहरातल्या शाळांच्या बसगाड्या फोनवरून हाकणं हे तिचं काम, त्यामुळे तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती.

"मावशी, पर्च आणलेत. गरम आहेत तोवर कोणी हात लावायचा नाही, नाहीतर मामा एकटा संपवेल. तू नोहा ना? फोनवर म्हातारा वाटतोस. बस, बस, उठू नकोस." तिने अर्लीनच्या गालाचा मुका घेतला आणि तिला हाताच्या अंतरावर धरून नीट बघितलं. "झोपली नाहीस तू."

"झोपले की."

"खोटं बोलतेस. मीही झोपले नाही." ती हसली. "आज मला माझ्या आईचा नुसता आवाज ऐकायला मिळणार. ढोल नाही, गिटार नाही, मामाचं ते रेडकासारखं हंबरणं नाही."

"रेडकाने ती रेकॉर्ड सावरली आहे," वेंडेल म्हणाला.

अर्लीन बशा आणायला आत गेली. बशा काढल्या, परत ठेवल्या, पुन्हा काढल्या. आई नसलेल्या पोरीला झोप लागेना तेव्हा तिने पहिल्यांदा ती रेकॉर्ड लावली होती. रोशेल तीनचार वर्षांची असेल. कव्हरवरच्या फोटोवर बोट ठेवून पोरीने विचारलं, ही माझी आई? हो. ही गाते? आणि कव्हरवर छापलेलंच होतं. अर्लीनने हो म्हटलं. पोर झोपली. दुसऱ्या रात्रीही झोपली. मग एकदा, ताप भरलेला असताना पोर विचारत राहिली, तेव्हा मी कुठे होते, तेव्हा मी कुठे होते, आणि अर्लीनने तिच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता म्हटलं, तू आईच्या पोटात होतीस, म्हणजे तूही ह्या गाण्यात आहेस. हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. निघालं ते निघालं. रोशेलने ते शाळेत सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, स्वतःच्या लेकरांना सांगितलं आणि शेवटी नोहालाही सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा रोशेल नव्या रेकॉर्डीबरोबर जाणाऱ्या पुस्तिकेचा नमुना हातात धरून मोठ्याने वाचत होती.

"'डेल्फीन पेटीवे हे गाणं गायली तेव्हा तिच्या पोटात तिची मुलगी होती. नीट ऐकलं तर दोन जिवांचा श्वास ऐकू येतो.' अरे देवा. नोहा, हे तू लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत तसंच," नोहा संकोचून म्हणाला. "बदलायचं असेल तर सोमवारपर्यंत बदलता येईल. सोमवारी छपाईला जातंय."

"एक अक्षर बदलायचं नाही."

"मासे गार होतायत," अर्लीन म्हणाली. "आधी खाऊन घेऊ."

"मावशी, मासे कुठे पळून चाललेत? मेलेत ते. लाव रे तू."

नोहाने कळ दाबली.

आधी नुसती खरखर आली. मग एक श्वास. आणि मग तो आवाज आला, उघडा, एकटा, दिवाणखान्याच्या मध्यावर कोणीतरी येऊन उभं राहावं तसा. कोवळा, थोडा कापरा, शब्दाच्या शेवटी किंचित लांबणारा. वेंडेलने मान खाली घातली. रोशेलचा एक हात तोंडावर गेला आणि दुसरा तिच्याही नकळत स्वतःच्या पोटावर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

अर्लीन बशा हातात धरून उभी होती. त्या आवाजात तिला एकच गोष्ट ऐकू येत होती, भीती. इतकी वर्षं वाद्यांनी ती झाकली होती. आता कोणाच्याही लक्षात येईल असं तिला वाटत होतं, पण कोणाच्याच येत नव्हतं.

गाणं संपलं.

"तिचा श्वास," रोशेल म्हणाली. "मावशी, ऐकलास? घोट गिळलेला पण ऐकू येतो. मला हे फोनवर पाहिजे. रोज ऐकणार मी हे."

"देतो की," नोहा म्हणाला. तो खरोखर हेलावला होता. घरचं काहीतरी घरी पोचवल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता, आणि अर्लीनला तो बघवेना. "अजून एक आहे. ह्या गाण्याच्या आधीचा तुकडा. एक पुरुष काहीतरी सांगतोय, वडील असावेत. मग एक बाई पुटपुटते. मला शब्द नीट लागत नाहीत, म्हणून तर मी आलो. तुम्हाला ओळखू येईल."

"आजोबा!" रोशेल म्हणाली. "आजोबा आईशी बोलतायत? लाव, लाव."

"नको," अर्लीन म्हणाली.

तिच्या आवाजाने सगळ्यांनी वर बघितलं. वेंडेलने काठीवरची मूठ घट्ट केली.

"ती मी आहे," अर्लीन म्हणाली.

"कोण तू?"

"गाणारी. तुझी आई नाही, रोशेल. मी आहे ती. डीकनने तिला त्या दिवशी घरातून बाहेर पडू दिलं नाही. कव्हरं छापून झाली होती. तिच्या जागी मी गायले, तिच्यासारखं."

रोशेल हसली. खरोखर हसली. "मावशी, तुझा आवाज मला माहीत नाही का? पन्नास वर्षं ऐकतेय. तू भांडी घासताना गातेस, गाडीत गातेस. तो हा नाही."

"हा नाहीच. तो कोणाचाच नाही. बापाने आम्हाला शिकवलं होतं, एकमेकींचे आवाज काढायला."

रोशेलने मामाकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होता.

"मामा."

"मला कमी ऐकू येतं, पोरी."

"तुला सगळं ऐकू येतं! तुलाही माहीत होतं." ती उठून उभी राहिली. मग कुठे जायचं ते न कळून पुन्हा सोफ्याच्या कडेवर टेकली. "ह्या सगळ्या गाण्यांत ती कुठे आहे मग? मागे तरी? कोरसमध्ये?"

"कुठेच नाही," अर्लीन म्हणाली. "सगळी गाणी त्याच दिवशी झाली."

"म्हणजे तिचा आवाज नाहीच. कुठेही."

अर्लीनने मान हलवली.

"आणि मी..." रोशेलने हातातल्या पुस्तिकेकडे बघितलं आणि ती टेबलावर उपडी टाकली. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता की घरात कोणी तो कधी ऐकला नव्हता. "मी माझ्या पोरांना सांगितलं ते. त्यांची आजी म्हणून त्यांना झोपवताना मी ते लावलं. मला खोटं का सांगितलंस? मी चार वर्षांची होते तेव्हा सांगितलंस, ठीक आहे. मी चाळीस वर्षांची होते तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा भीती वाटली."

"कशाची?"

"तू जाशील ह्याची," अर्लीन म्हणाली. ते खरंच होतं, आणि इतकं साधं होतं की इतकी वर्षं ते बोलायला काय अडलं होतं ते तिलाच कळेना.

"मी कुठे जाणार होते?" रोशेल ओरडली. "कुठे?"

नोहा मांडीवरचा लॅपटॉप मिटू लागला. आपण ह्या घरात नसतो तर बरं झालं असतं, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. "मी बाहेर थांबतो," तो म्हणाला. "बूट घालतो आणि..."

"बस खाली," रोशेल म्हणाली. "लाव तो तुकडा."

"रोशेल, नको. डीकनने मला जे सांगितलं तेच आहे त्यात. मी सांगितलं ना तुला."

"तुझ्या सांगण्यावर मी आता काय विश्वास ठेवू? लाव रे."

नोहाने अर्लीनकडे बघितलं. तिने बशा टेबलावर ठेवल्या आणि ती पहिल्यांदाच बसली, वेंडेलच्या शेजारच्या लाकडी खुर्चीवर, मांडीवर हात घेऊन, चर्चमध्ये बसतात तशी. वेंडेलने आपला सुरकुतलेला पंजा तिच्या हातावर ठेवला. जन्मभर मागे उभा राहणारा माणूस होता तो, पण होता.

खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी खाकरलं. आणि मग तो आवाज आला, जो ह्या घरात कितीतरी वर्षांत आला नव्हता. जड, शांत, न चढणारा.

"अर्लीन नको. डेल्फीन हो."

रोशेलने डोळे मिटून घेतले.

पावलं दूर गेली. दार लागलं. बराच वेळ काही नाही. मग एक पोरगी नाक ओढते, आणि माईकच्या अगदी जवळ, ओठांतल्या ओठांत बोलते. आवाज कोणाचाही काढलेला नव्हता. रोशेलने भांड्यांच्या ओट्यापाशी ऐकलेला तो तोच आवाज होता, फक्त एकवीस वर्षांचा.

"मी गाते. तुम्ही म्हणाल तसं गाते. पण मग ते राहील ना, बाबा? घरात राहील ना? क्लीव्हलँडला नाही ना?"

मग नुसती खरखर.

"झालं," अर्लीन म्हणाली. "एवढंच आहे. त्याने उत्तर दिलं नाही. त्याने हात हलवला आणि मी गायले. बंद कर आता."

"एवढंच नाही," नोहा हळूच म्हणाला. "ह्याच्यापुढे काहीतरी बारीक आहे. तेच मला लागत नाहीये. ह्या माईकमध्ये कोणी बोललेलं नाही ते, काचेपलीकडून बोललेलं हेडफोनमधून आलेलं आहे. हेडफोन गाणाऱ्याच्या कानावर असते तर ते टेपवर आलंच नसतं. बहुतेक त्या वेळी ते हातात होते, माईकजवळ."

"डोळे पुसत होते मी," अर्लीन म्हणाली. "काढून ठेवले होते."

नोहाने आवाज वाढवला. खरखरही वाढली, पाऊस पडल्यासारखी. तिच्या तळाशी, डब्यात बंद केल्यासारखा, डीकनचा आवाज होता.

"राहील. शब्द देतो." थोडं थांबून, "घाल ते कानाला, पोरी. गा."

आणि लगेच गाणं सुरू झालं. तोच श्वास, तोच कापरा स्वर. नोहा थांबवायला गेला, तर रोशेलने त्याचं मनगट धरलं. ते तसंच वाजत राहिलं. वेंडेल काठीवर कपाळ टेकून बसला होता आणि त्याच्या पाठीचा बाक हलत होता.

"मला ऐकूच आलं नव्हतं," अर्लीन म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं. "मला वाटलं आईने... आम्हाला सगळ्यांना वाटलं आईने समजूत घातली."

रोशेल सोफ्यावरून उठली. ती खुर्चीसमोर येऊन जमिनीवर बसली, एवढी मोठी बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी कधी खाली न बसणारी. तिचा चेहरा अजून रागावलेलाच होता. तिने मावशीच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि वर बघितलं.

"कोण राहील, मावशी?"

अर्लीनने तिच्या हातांवर आपला हात ठेवला. स्पीकरमधली एकवीस वर्षांची पोरगी शेवटच्या कडव्यावर आली होती.

"तू," अर्लीन म्हणाली.